खिडकीच्या कट्ट्यावरची बाटली

आमची रक्त तपासायची खोली वॉर्डापासून वेगळी, उघड्या अंगणापलीकडे होती. बाटल्या वॉर्डाचा चपराशी आणायचा. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्याचा धर्म बदलला, माझी खोड बदलली नाही. त्याच्या हातून मी काही घेत नसे. बाटली खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची, हाक मारायची आणि बाजूला व्हायचं, हा नियम माझाच. ठेवलेल्या बाटलीला त्यानं पुन्हा हात लावला तर मी खेकसायचो. दिवसभर लोकांचं रक्त-लघवी हाताळणाऱ्याला कसला आलाय विटाळ? पण तेव्हा हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

वैशाखात रोहणा गावची एक बाई भरती झाली. मधुमेह, साखर भयंकर चढलेली. सकाळी डॉक्टरांनी इन्सुलिनची मोठी सुई दिली होती. दुपारी पुन्हा द्यायची की नाही, ते माझ्या रिपोर्टावर ठरणार होतं.

चपराशानं हाक मारली तेव्हा मी दुसऱ्या कामात होतो. "ठेव," म्हणालो. कट्ट्यावर ऊन आलं. तो दोनदा येऊन सांगून गेला, "बाबूजी, बाटली तापून राह्यली." त्यानं मला शिकवावं याचाच राग आला. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम उठलो नाही.

उचलली तेव्हा काचेचा चटका बसला. रक्त असं पडून राहिलं, त्यात उन्हात, की त्यातली साखर आपोआप कमी होते, हे मला पाठ होतं. आकडा छान उतरलेला आला. 'रक्त शिळं, पुन्हा पाठवा' एवढंच लिहायचं होतं. पण शिळं का झालं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी तोच आकडा लिहिला.

डॉक्टरांनी दुपारची सुई थांबवली. संध्याकाळी मी वॉर्डात डोकावलो. बाईचे डोळे मिटलेले, श्वास खोल आणि जोराचा, साखर फार चढली की होतो तसा. पायाशी बसलेला तिचा नवरा म्हणाला, "साखर उतरली म्हनते डाक्टर. मंग हे उठत काऊन नाई?"

अजूनही सांगता आलं असतं. मी "बघतो" म्हणून निघून आलो. पहाटे ती गेली.

सकाळी डॉक्टर माझ्या खोलीत आले. चपराशी दारातच उभा होता.

"नमुना उशिरा आला होता का?"

"हो," मी म्हणालो.

नमुना वेळेवर आला होता, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. चपराशाचं ऐकणार तरी कोण होतं? आठवड्याच्या आत त्याला काढलं.

जायच्या दिवशी तो खिडकीशी आला. मी मान वर केली नाही.

"मले काढलं, त्याचं काई नाई, बाबूजी. पन आता जो बाटल्या आनन, त्याच्या हातून तं घेजा."

त्याच्या जागी आलेला माणूस माझ्याच जातीचा होता. त्याच्या बाटल्या मी हातोहात घेतल्या, आणि माझे रिपोर्ट बरोबर येऊ लागले.