कल्पिता थळेची गोपनीय चौकशी

कल्पिता थळे अलिबागला एका जमीन-एजंटाच्या ऑफिसात होती. लागेल ती माहिती इंटरनेटवरून खणून काढायची, हेच तिचं काम. एजंटाने दुकान आवरून कर्जत गाठलं, तेव्हा नागावच्या घरी ओटीवर टेबल टाकून तिने तेच काम स्वतःचं म्हणून सुरू केलं. नाव ठेवलं ‘ताडमाड रिसर्च’. कामं देणाऱ्या एका वेबसाइटवर ते नोंदवलं आणि कुंपणाला पाटी लावली : ‘येथे ऑनलाइन शोध घेऊन मिळेल.’

पाटी वाचून शेजारच्या नीराबाई आल्या. त्यांचं बदक हरवलं होतं.

‘‘पांढरं हाय. नेटवर बघ कुठं दिसतं का.’’

कल्पिताने समजावलं, की आपण बदकं शोधत नाही. नीराबाई म्हणाल्या, ‘‘मग पाटी कशाला लावलीस?’’ आणि तासभर बसून राहिल्या.

हळूहळू बाहेरची कामं मिळू लागली. कुणाला आजोळच्या घरातली जुनी फरशी अजून कुठे बनते ते हवं होतं, कुणाला आळंबीचे भाव. श्रावणात मात्र पुण्याच्या एका झोपाळे बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ‘आम्हाला किनाऱ्यावरच्या होमस्टेंचा वर्षभर अभ्यास करून घ्यायचा आहे. त्यासाठी नागावच्या सौ. कल्पिता थळे यांचं नाव एका एजंटाने सुचवलं आहे. त्या भरवशाच्या आहेत का, याची चौकशी करून ताडमाड रिसर्चने गोपनीय अहवाल द्यावा. सदर बाईंना याचा सुगावा लागू नये.’

कल्पिताने लगेच फोन लावला. स्वप्निल नावाच्या साहेबाने घेतला.

‘‘अहो, मी कल्पिताच...’’

‘‘कल्पिताच. बरोबर. थळे. दुसरी कुठली नको. तुमची ओळख आहे का त्यांच्याशी?’’

‘‘ओळख म्हणजे, अगदी जवळची.’’

‘‘उत्तम! मग आतली माहिती मिळेल. पण फोनवर नावं नकोत, मॅडम.’’ आणि फोन बंद.

नवरा, प्रणय, किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना बोटीतून फिरवायचा; पावसाळ्यात बोटी बंद म्हणून घरीच होता. तो म्हणाला, ‘‘लिहून टाक, बाई हिऱ्यासारखी आहे म्हणून.’’

‘‘पुरावा लागतो,’’ कल्पिता म्हणाली.

कामात तिला फसवाफसवी चालायची नाही. तिने स्वतःचं नाव शोधून पाहिलं. माहेरचं नाव असलेली दहावीच्या निकालाची यादी, हळदीकुंकवाचा एक फोटो आणि काशीदच्या एका हॉटेलाबद्दल तिने चिडून लिहिलेलं ‘सोलकढी पाणचट’ एवढंच सापडलं. एवढ्यावर अहवाल होत नाही. माणसांना विचारणं भाग होतं.

सुरुवात सासूपासून केली. जनीबाई ओटीवर लसूण सोलत होत्या.

‘‘आई, एका बाईची चौकशी आहे. कल्पिता थळे. तुम्ही ओळखता?’’

जनीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. ‘‘आमचीच सून हाय ती. माझं नाव फुटणार न्हाय ना?’’

‘‘नाही.’’

‘‘तिला सांगणार न्हायस?’’

कल्पिताने शब्द दिला.

‘‘मग ऐक. मनाने वाईट न्हाय. पर कालवणात खोबरं असं मोजून घालते, जसं काय सोनाराकडून आणलंय. परसात माड उभे हायत!’’

‘‘हे तुम्ही त्यांना कधी बोललात?’’

‘‘कशाला? वाईट वाटंल पोरीला.’’ जनीबाईंनी लसणाचा दुसरा गड्डा घेतला. ‘‘माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा ती माझ्या उशाशी पेपर वाचत बसायची. जाहिराती पण वाचायची. पोटच्या पोरानं केलं नसतं. पर हे तिला कळू देऊ नको. डोक्यावर बसंल.’’

कल्पिताने मान खाली घालून सगळं टाइप केलं. दोन ठिकाणी चुकलं.

प्रणयला तोंडावर बोलायला जमेना. तो फणसाखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून त्याने फोन केला. ओटीवरून तो स्पष्ट दिसत होता.

‘‘हॅलो, ताडमाड का? त्या बाईंबद्दल एक सांगायचं होतं. लग्न झाल्यापासून त्या माझ्या बोटीत बसल्या नाहीत. म्हणतात समुद्राची भीती वाटते. मला वाटतं, माझ्या चालवण्याचीच वाटते.’’

‘‘तुम्ही त्यांना सरळ विचारलंत?’’

‘‘नाही. तुम्ही विचारून सांगाल का?’’

‘‘हे आमच्या कामात बसत नाही.’’ मग तिला राहवेना. ‘‘पण भीती समुद्राचीच आहे.’’

‘‘नक्की?’’

‘‘खात्रीलायक सूत्रांकडून.’’

प्रणय घरात आला, तिच्याकडे न बघता चहा ठेवला आणि तिचा कप काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवसापासून न बोलावता माणसं येऊ लागली. नीराबाई म्हणाल्या, ‘‘त्या कल्पिताबद्दल मला पण बोलायचंय. कुणाचं काम करत नाही ती. बदकाचं सांगितलं तर ऐकून घेतलं नाही.’’ कल्पिता प्रत्येकाला पाणी देई, नाव गुप्त राहील म्हणून सांगे आणि स्वतःची निंदा नीट उतरवून घेई. कौतुक झालं की मात्र ती उदाहरण मागायची.

अहवालात तिने काही लपवलं नाही. खोबरं, सोलकढी, बदक, पेपरातल्या जाहिराती, सगळं आलं. शेवटी स्वच्छ लिहिलं : ‘चौकशी करणारी आणि जिची चौकशी झाली ती, एकच व्यक्ती आहे.’

स्वप्निलचं उत्तर आलं. ‘शेवटचं वाक्य ऑफिसात सगळ्यांना आवडलं. विषयाशी इतकं एकरूप होणं दुर्मीळ. सौ. थळे यांच्याबद्दल मात्र मतं फार उलटसुलट आहेत, म्हणून वर्षाचं काम आपल्यालाच देत आहोत. बाईंना कळवू नये, त्यांना वाईट वाटेल.’

वाईट वाटलंच. कल्पिता दुपारी जेवायलाही उठली नाही.

‘‘काय झालं त्या कामाचं?’’ सासूने विचारलं.

‘‘ताडमाडला मिळालं. कल्पिताला नाही.’’

‘‘अगं बाई! सांगितलंस तिला? जेवली का ती?’’ आणि जनीबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं.

दिवाळीनंतर स्वप्निल स्वतः नागावला आला. ओटीवरच्या बाईने ‘मी कल्पिता थळे’ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, ‘‘ताडमाडवाल्या मॅडम घरात आहेत का?’’

‘‘त्याही मीच.’’

हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मध्ये प्रणयने सांगितलं, जनीबाईंनी शपथेवर सांगितलं. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडल्यासारखं झालं. तो पायरीवर बसला आणि रुमालाने कपाळ पुसत म्हणाला, ‘‘म्हणजे तुमचं दोघींचं जमतं! हे मला कंपनीत सांगायला हवं.’’

त्याने सांगितलंही. पुढच्या महिन्यापासून पुण्याहून पत्रं दोन्ही नावांनी येऊ लागली. कल्पिता दोन्हींना उत्तरं देते. एकीला सवड नसली, तर दुसरीच्या नावाने.