डाव्या खिशावरचे तीन टाके

शमीम आपा गेल्याचं मला वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुपारचे चार वाजत आले होते आणि मी यवतमाळच्या कार्यालयात जिल्हा पानाचा मजकूर तपासत होतो. ग्रंथपाल मडावी सरांनी दोनच शब्द लिहिले होते, ‘आपा गेल्या.’ मी उलट विचारलं, ‘वय किती?’ तीस वर्षं निधनाच्या बातम्या लिहिल्या की बोट आधी वयाकडे जातं. सरांनी लिहिलं, ‘अठ्ठावन्न.’ मग बऱ्याच वेळाने, ‘मशीनवर बसल्या होत्या. ब्लाउजला हूक लावत होत्या.’ मी हातातलं पान पूर्ण केलं आणि मगच खुर्चीवरून उठलो… या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

आपा पांढरकवड्याला राहायच्या. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकून कपाट, आणि कपाटावर शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. पती रहीमभाई कुलर आणि पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्याने तार गुंडाळून भरून देतात. मी तालुक्याचा बातमीदार होतो तेव्हापासून वाचनालयात जात होतो, यवतमाळला बदलून आल्यावरही महिन्यातले दोन रविवार चुकवत नसे. आपा तिथे आल्या त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मडावी सरांना विचारलं होतं, “सर, भेवाचं काही आहे का? पण रडवणारं नको. रडायले वेळ नाही मले.”

भेवाचं भरपूर होतं. एसटी स्टँडच्या पुस्तकांच्या गाड्यापासून शहरातल्या मोठ्या दुकानांपर्यंत विकला जाणारा जो भयकथांचा लेखक आहे, त्याच्या जवळपास सगळ्या कादंबऱ्या आमच्या वाचनालयात आहेत. त्याचं नाव मात्र आमच्यात कोणी घेत नसे. ‘सर’ म्हटलं की मडावी सर आणि ‘भूतवाले सर’ म्हटलं की तो लेखक. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं हमखास जमायचो. मडावी सर, पुंडलिकराव, आपा आणि मी. पुंडलिकरावांचं शेत गावाला लागूनच आहे. कापूस आणि तूर सोडली तर त्यांना आयुष्यात दोनच विषय होते, भुतं आणि सिनेमा.

या कादंबऱ्यांसाठी मडावी सरांनी एक रीत पाडली होती. वाचताना ज्या पानावर भीती वाटून पुस्तक मिटावंसं वाटेल, त्या पानाच्या समासात पेन्सिलीने आपली आद्याक्षरं लिहायची. पुढे ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं की त्याला कळे, कोण कुठे थांबलं होतं. रविवारची चर्चा तिथूनच सुरू होई. पुंडलिकरावांची अक्षरं दर दहा पानांना असत. “मी भेत नाही,” ते म्हणत, “लाइट जाते म्हणून थांबतो.” आपा पेन्सिल वापरत नसत. त्या समासात सुईने पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके घालत, बारीक आणि एका रेषेत. मडावी सरांना वाचनालयाचं पुस्तक टोचलेलं आवडलं नव्हतं, पण ते काही बोलले नाहीत. माझी खूण कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी ते अभिमानाने सांगत असे.

त्या लेखकाची ‘तिसरं ताट’ नावाची कादंबरी आमच्याकडे सगळ्यांत जास्त फिरली. मुलगा एक दिवस घरून निघतो आणि परत येत नाही. आई रोज जेवणाच्या वेळी त्याचंही ताट मांडते. बहात्तराव्या पानावर एक दिवस त्या ताटातलं अन्न संपलेलं असतं. त्या पानाचा समास आद्याक्षरांनी काळा झाला आहे. पण आपांचे टाके होते एक्केचाळिसाव्या पानावर. तिथे काहीच घडत नाही. आई ताट पुसते आणि मांडते, एवढंच.

पुंडलिकरावांनी त्यांना सोडलं नाही. “आपा, ताटाले कायले भेता? अजून तं भूतही नाही आलं.”

“येईपर्यंतच भेव असते ना, पुंडलिकभाऊ,” आपा म्हणाल्या. “मग कोणी आलं, जेवून गेलं, तं चांगलंच झालं की.”

आम्ही सगळे हसलो. आपाही हसल्या.

वर्षभराने त्यावर सिनेमा आला. मडावी सरांनी वाचनालयात पडदे ओढून टीव्हीवर लावला. सिनेमात ताट मांडण्याची पानं गाळली होती. त्याऐवजी छताला उलटा लटकलेला मुलगा, पांढरे डोळे आणि कर्कश संगीत होतं. कादंबरीच्या शेवटी मुलगा ओळखू येणार नाही अशा रूपात दारात उभा राहतो आणि आई त्याला वाढायला बसते. सिनेमात ती किंचाळत पळत सुटते. पुंडलिकराव खूश होते. “आता कसं! पुस्तकात तं बाई भातच वाढून राह्यली होती.”

“माय पळत नाही,” आपा म्हणाल्या. “पोरगा कसाही येवो. ज्यानं हे बनवलं ना, त्याच्या घरचं कोणी गेलेलं नाही.”

“आपा, सिनेमा आहे तो.”

“तं मग सिनेमावाल्यायले सांगा ना, कोणाले तरी विचारत जा म्हणून.”

त्याच महिन्यात मी पुरवणीसाठी लेख लिहिला. विषय होता छोट्या गावांतले भयकथांचे वाचक. आद्याक्षरांची रीत, पुंडलिकरावांची लाइट, सिनेमावरून झालेला वाद, सगळं त्यात होतं. लेख थोडा हलका हवा असं संपादकांनी सांगितलं होतं. मी एक वाक्य घातलं, ते मला तोंडपाठ आहे: ‘शिवणकाम करणाऱ्या एका वाचक भगिनीला भुतापेक्षा रिकाम्या ताटाची भीती वाटते, बहुधा स्वयंपाक उरण्याची धास्ती असावी.’ पुंडलिकरावांनी लेखाच्या झेरॉक्स काढून वाटल्या. पुढच्या रविवारी आपा आल्या, पुस्तक परत केलं, दुसरं घेतलं. जाताना म्हणाल्या, “चांगलं लिहिलं, भाऊ.”

त्यानंतर त्यांनी एकाही पुस्तकात टाके घातले नाहीत. वाचणं थांबलं नव्हतं. दर आठवड्याला पुस्तक नेत, परत आणत, चर्चेला बसत. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मडावी सरांच्या आलं. “आपाचा दोरा दिसत नाही आजकाल,” ते म्हणाले. मी म्हणालो, “धीट झाल्या असतील.”

आमची शेवटची भेट आपा जाण्याच्या तीन आठवडे आधीची. भूतवाल्या सरांची नवी कादंबरी आली होती आणि ती मी आधी वाचली होती. आपांनी माझ्या हातातून ती घेतली, पानं उलटून पाहिली आणि विचारलं, “भाऊ, तुम्ही कुठंच काहून थांबत नाही?”

“सवय नाही.”

“त्याची सवय असते का?” एवढंच म्हणून त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं.

आपा गेल्यानंतर दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. रहीमभाईंनी पुढच्या खोलीतच बसवलं. मशीनवर चादर टाकलेली होती. तिच्या वरच्या खिळ्याला हँगरवर एक शर्ट लटकत होता, निळा चौकडीचा, कॉलर लावलेली, बाह्या अजून नुसत्या कच्च्या टाक्यांवर. मी सहज विचारलं, कोणाचा?

“सलीमचा,” रहीमभाई म्हणाले. “तिचा लहान भाऊ. वणीले कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. बावीस वर्सं झाले. घरून निघाला, अन् आलाच नाही… ट्रकवालेही म्हणे, आमच्याकडं पोचलाच नाही.” त्यांनी शर्टाकडे हात केला. “दर ईदले एक शर्ट शिवे ती. माप तेच, वहीत लिहिलेलं. पण बाजूच्या शिलाईत दर वर्सी कपडा थोडा जास्त सोडे. म्हणे, आता अंगानं भरला असन, उसवून मोठा करता येईन. पुढची ईद आली का जुना कोणाले तरी देऊन टाके, अन् नवा कापाले घे.”

मग त्यांनी विचारलं, “भाऊ, तुम्ही तेच ना? बस स्टँडजवळच्या खोलीत बसत होते, पेपरचे?”

“हो.”

“तुमच्याकडंच आलतो आम्ही, बातमी द्यायले. फोटो घेऊन. तिनंच सगळं सांगितलं होतं, मी बाजूले उभा होतो.”

मला आठवत नव्हतं, तसं मी सांगितलं. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

“तिले आठवत होतं. वाचनालयातून पहिल्या दिवशी आली, तेव्हाच म्हणे, ते बातमीवाले भाऊ तिथं येतात. मी म्हणलं, सांग त्यायले. तं म्हणे, कायले? त्यायच्याकडं रोज असे दहा येत असतीन.” मग खाली पाहत ते म्हणाले, “एकच गोष्ट तिच्या मनात राह्यली होती. टाक्याचं तिनं तुमाले सांगितलं होतं. तुम्ही लिहूनही घेतलं. पेपरात नाही आलं. लय दिवस म्हणे, निळे चौकडीचे शर्ट तं शंभर असतीन, टाके आपले एकटेच.”

ते उठले आणि हँगरवरच्या शर्टाचा डावा खिसा त्यांनी मला दाखवला. वरच्या कोपऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके होते, बारीक, एका रेषेत. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत घरचे कपडे मिसळू नयेत म्हणून आपा घरच्या प्रत्येक कपड्यावर ते घालत. बाहेरच्या कपड्यावर कधीच नाही.

यवतमाळला परतल्यावर मी कार्यालयातल्या जुन्या फायली काढल्या. दोन दिवसांच्या दुपारी त्यात गेल्या. बातमी सातव्या पानाच्या तळाला, भिंतीच्या रंगाच्या एका जाहिरातीशेजारी होती. युवक बेपत्ता. नाव, वय चोवीस, वर्ण सावळा, उंची साडेपाच फूट, वणीला जातो असं सांगून घरून निघाला, अंगात निळा चौकडीचा शर्ट. तिथे मजकूर संपतो. अशा बातमीला चार ओळी मिळत. पाचवी ओळ मुख्य कार्यालयात कापली जाई, म्हणून मी ती फॅक्स करण्याआधीच कापत असे. तेव्हा ते मला चांगलं काम वाटे.

ती ओळ छापून आली असती तर सलीम सापडला असता, असं मी म्हणू शकत नाही. सापडला नसता, असंही म्हणू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की आपा नऊ वर्षं माझ्यासमोर बसून भुतांवर बोलल्या, आणि त्यांना कशाची भीती वाटते हे मी हसण्यासाठी छापलं.

मागच्या रविवारी वाचनालयात गेलो. पुंडलिकराव आले होते, पण कोणत्याच पुस्तकावर बोलले नाहीत. थोडा वेळ बसून म्हणाले, “त्या झेरॉक्स मी उगाच वाटल्या, भाऊ.” मडावी सरांनी ‘तिसरं ताट’ कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवलं. मी ते पुन्हा वाचायला सुरुवात केली. एक्केचाळिसाव्या पानाच्या पुढे गेलो नाही. टाके अजून जागेवर आहेत, दोरा थोडा पिवळा पडला आहे. सरांनी माझ्यापुढे पेन्सिल सरकवली. मी त्या टाक्यांच्या खाली माझी आद्याक्षरं लिहिली.

तो शर्ट अजून मशीनच्या वरच्या खिळ्यावर आहे. बाह्या कोणी शिवायच्या आणि मग तो कोणाला द्यायचा, हे रहीमभाईंनी मला विचारलं होतं. माझ्या हातात आहे ते एवढंच, की बावीस वर्षांपूर्वी जागा नाही म्हणून गाळलेली ओळ इथे द्यावी. बातमीत ‘अंगात निळा चौकडीचा शर्ट’ या शब्दांनंतर पुढील मजकूर वाचावा: शर्टाच्या डाव्या खिशाच्या वरच्या कोपऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत. शर्ट बहिणीने शिवलेला आहे.