तांब्याची नळी आणि अप्पांचा पाय

छावणीतल्या एका साहेबाने आपली मोटर झाडावर नेऊन घातली आणि तो विलायतेला निघून गेला. तिचं मोडकं धूड मी भंगारात उचललं. आमच्या घरात सगळे वेद म्हणणारे. मी पाठशाळेतून इतका पळालो की शेवटी गुरुजींनीच मला हात जोडले. मोटरखान्यातून मात्र कोणी हाकललं नाही, कारण तिथे मी फुकट राबत होतो.

तर त्या धुडावर पत्रा ठोकून मी दोन माणसांची, बुटकी, बिनदाराची रेसची गाडी केली. अडलं ते धुराच्या नळीपाशी. खालून न्यावी, तर दिसणार कोणाला? वरून न्यावी, तर धूर माझ्याच नाकात. डाव्या अंगाने, बाहेरून, थेट मागच्या चाकापर्यंत नेली तर काय शान! पण डावीकडे अप्पा बसणार होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. गुडघे धरलेले. वैशाखात शहराबाहेर एका रईसाच्या बगीच्यात वसंतपूजा व्हायची, काशीतले सगळे वैदिक जमायचे, आणि मंत्र म्हणायला अप्पा सगळ्यांत पुढे. गेल्या खेपेला चालवेना म्हणून घरीच राहिले आणि संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून होते. सोवळ्यात निघायचे, घोड्याच्या एक्क्यात चामडं, म्हणून एक्का बंद. मी म्हटलं, "अप्पा, यंदा मी नेतो."

"तुझ्या त्या डब्यातून? आणि कशाकशाला शिवू?"

मग मी डोकं चालवलं. तेच नको होतं. चामड्याची गादी फाडून काढली, धाबळी अंथरली. लोकर सोवळ्याला चालते. नळीचं ठठेरी बाजारातल्या तांबटाला विचारलं, तर तो म्हणाला, "लोहे की काहे, गुरु? ताँबे की बनाते हैं. दूर से चमकेगी."

मला साक्षात्कारच झाला. तांबं! पळी तांब्याची, ताम्हण तांब्याचं, देवाला चालतं ते अप्पांना का नाही चालणार? शानही झाली आणि धर्मही झाला. घरी येऊन छाती काढून सांगितलं, "अप्पा, डावीकडची नळी तांब्याची आहे. तिला शिवलात तरी हरकत नाही."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे बरीक तुला सुचलं." एवढ्यावर मी दोन दिवस जेवलो नसतो तरी चाललं असतं.

वसंतपूजेच्या दिवशी गाडी सडकेवर उभी केली; गल्लीत ती शिरत नाही. ऐन वेळी रुसू नये म्हणून आधीच चालू करून ठेवली होती. खरं सांगायचं तर लोकांनी आवाज ऐकावा म्हणून. बघे जमले. अप्पा सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून, अनवाणी, अंग चोरत आले. पत्रा बघितला, रबर बघितलं, कशाला शिवेनात. मग नळी दिसली. चेहरा खुलला. पायरी समजून त्यांनी तिच्यावर आख्खं पाऊल दिलं.

ती शुद्ध आहे हे मी सांगितलं होतं. तापते हे सांगायचं राहिलं. तांबं तापलं तरी तसंच चमकतं.

अप्पा ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढला आणि मागे कलले. मी धावून दोन्ही हातांनी धरलं. काळ्या तेलाची दहा बोटं मुकट्यावर उमटली.

"सोड!" म्हणाले. मग पाय टेकवेना, तर हळूच म्हणाले, "नको, सोडू नकोस. आता शिवलासच आहेस, तर नीट धर."

त्यांना पाठीवर घेऊन गल्लीत शिरलो. पानवाला ओरडला, "का गुरु, मोटर बाप के लिए बनायी और बैल खुद बन गये?" सगळे हसले. एरवी मीच त्याला दोन सुनावल्या असत्या. त्या दिवशी मान वर झाली नाही. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "जरा भराभर चाल. बघतायत."

आईने पायाला कोरफड बांधली. माझ्यापुढे तिने साबण टाकला. अप्पा येत नाहीत, असा निरोप बगीच्यात गेला.

दुपार कलली तसे अप्पा माजघरात भिंतीला टेकून मंत्र म्हणायला लागले. मी बाहेर उंबऱ्याशी हात घासत होतो. वसंतपूजेत वैदिकांच्या दोन रांगा समोरासमोर बसतात. एक रांग म्हणते आणि थांबते, तिथून दुसरी उचलते. अप्पा आपल्या रांगेचं म्हणाले आणि सवयीने थांबले.

कोणी उचललं नाही. त्यांनी दाराकडे बघितलं. दारात मी होतो. मला त्यातला एक शब्द येत नव्हता. मी साबणाकडे बघत राहिलो.

मग समोरच्या रांगेचंही त्यांनीच म्हटलं, आणि पुन्हा थांबले.