एकाच लाकडाचा खुळखुळा

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे दिवसभर खेळणी मोडायची असतात. कर्वेनगरहून निघायचं, स्वारगेटला बस बदलायची, हडपसरच्या पुढे उतरायचं आणि पांढरा कोट चढवून कुणाच्या तरी बाहुलीचे डोळे उपटायला बसायचं. वर्ध्याला आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "याच्यासाठीच तुले इंजिनियर केलं का?"

उपटायचे म्हणजे नियमाने उपटायचे. खेळणं ठरलेल्या उंचीवरून कडक फरशीवर टाकायचं. मग यंत्राच्या पकडीत धरून पिळायचं. मग सुटू शकेल असा वाटणारा प्रत्येक भाग ओढायचा, साधारण नऊ किलोच्या जोराने, दहा सेकंद. एवढ्यात काही सुटून आलंच, तर ते चिमट्याने उचलून एका स्टीलच्या नळीत सोडायचं. नळी लहानशी असते आणि तिचा तळ तिरका असतो. दाबायचं नाही. आपल्या वजनाने तो तुकडा नळीत पूर्ण मावला, की खेळणं नापास.

ही नळी पहिल्या वर्षी माझ्या डोक्यातून जाईना. भावाच्या घरी गेले की चिंचोके, सीताफळाच्या बिया, शर्टाची बटणं, सगळं मी मनातल्या मनात तिच्यात टाकून बघायची. पुढे सवय झाली. नळी म्हणजे एक उपकरण, एवढंच उरलं. मग ते गृहस्थ आले.

ते सत्तरीच्या पुढचे असावेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. आयुष्यभर एका कारखान्यात ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने बनवत होते. निवृत्त झाल्यावर नातीसाठी त्यांनी लाकडी खुळखुळा केला. बघणाऱ्यांनी मागायला सुरुवात केली, आणि विकायचा तर तपासून घ्यावा लागेल असं सुनेने सांगितलं. आमच्याकडे गिऱ्हाईक सहसा चाचणीच्या खोलीत येत नाही, पण अर्ज केला तर बसून बघता येतं. यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला होता.

"बघा, पण हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मला लावायचा तो मी लावलाय. आता तुम्ही लावा."

खुळखुळा देखणा होता. मधे दांडी, दांडीत ओवलेले चार मणी, दोन्ही टोकांना चिकटवलेले गोल गोटे. फरशीवर टाकला तरी त्याला काही झालं नाही. पिळताना मात्र एक गोटा बारीक आवाज करून फिरला, आणि ओढताना अलगद सुटून आला. मणी ताटात घरंगळले. मी एक उचलून नळीवर सोडला. टक.

"गेला," ते म्हणाले.

"गेला."

"नळी जरा अरुंद असती तर बसला नसता. एवढीच का?"

"काका, तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा घसा पूर्ण उघडला, तर साधारण एवढा असतो. म्हणून एवढीच."

त्यांनी हात पुढे केला. चाचणीची नळी देता येत नाही. नव्या मुलींना शिकवण्यासाठी ठेवलेली जुनी नळी मी त्यांना दिली. त्यांनी तिच्यात दोन बोटं घातली. ती आत गेली. मग नळी टेबलावर ठेवून म्हणाले, "फोन कुठे करता येईल?"

दार उघडंच राहिलं होतं, म्हणून बाहेरचं बोलणं मला ऐकू आलं. "तिच्या हातातला खुळखुळा काढून घे. रडली तर रडू दे. नंतर नाही, आत्ता. मी फोनवर थांबतो."

ते थांबले. मीही आत थांबले. रोज हातात घेत असलेली ती नळी मी त्या दिवशी पुन्हा नीट पाहिली. अर्जात त्यांनी नातीचं वय आणि घरचा पत्ताही लिहिला होता. दहा महिन्यांचं ते लेकरू कर्वे रस्त्यावरच्या घरात खुळखुळा तोंडात घालून बसलं होतं, आणि त्याच्या घशाचं माप माझ्या टेबलावर होतं.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "आता काय करू, सांगा."

"ते मला सांगता येत नाही. आम्ही फक्त तपासतो. उपाय मीच सुचवला, तर पुढच्या वेळी मी माझंच काम तपासत बसेन."

"म्हणजे डॉक्टर रोग सांगणार, औषध नाही." त्यांनी सही केली आणि गेले.

महिनाभराने पुन्हा आले. खिशात पेन्सिलीच्या शेजारी आमच्या नळीसारखीच एक लाकडी नळी होती, स्वतः केलेली. गोट्यांमधून आता बांबूच्या खुंट्या आरपार ठोकलेल्या होत्या. "घरी फरशीवर इतक्यांदा टाकला, की खालचे लोक वर येऊन चौकशी करून गेले," ते म्हणाले.

पहिले दोन नमुने सगळ्यातून निभावले. गोटा तसूभर हलला नाही. खरं तर मी कुणाच्या बाजूने असायचं नसतं, पण आतून मी त्यांच्या बाजूने झाले होते. तिसरा नमुना फरशीवर पडला आणि एक मणी मधोमध फुटला. अर्धा मणी उडून भिंतीशी गेला. मी तो उचलला खरा, पण नळीवर न्यायला हात होईना.

"टाका," ते म्हणाले. "मला माहीत आहे, तरी टाका."

टक.

त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "लाकडाचा दोष नाही. ते आपल्या रेषेतच फुटणार. मणी मी आडव्या रेषेत कापला."

नंतर दोन महिने काही कळलं नाही. त्यांनी नाद सोडला असं मी धरून चालले होते. एका सकाळी ते समोर उभे राहिले आणि धुवट मलमलीत गुंडाळलेला नवा खुळखुळा त्यांनी टेबलावर ठेवला. मणी नव्हते. दांडीभोवती तीन सैल कड्या होत्या, बोटाने ढकलल्या की एकमेकींवर आपटून मऊ वाजणाऱ्या. दोन्ही टोकांचे गोटे कड्यांपेक्षा मोठे.

चाचणीआधी जोड कुठे आहेत ते लिहायचं असतं, कारण पकड तिथेच लावायची असते. मी दिव्याखाली धरला, भिंग लावलं. गोट्याला जोड नव्हता. दांडीला नव्हता. कड्या तरी चिरून चिकटवल्या असतील म्हणून एकेक फिरवून बघितली. कुठेच काही नाही.

"जोड कुठे आहे, काका?"

"शोधा. त्याचेच पैसे घेता ना?"

मी आमच्या वरिष्ठ बाईंना बोलावलं. या कामात त्यांचे केस पिकले आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खुळखुळा डोळ्यांजवळ नेला. "या कड्या आत घातल्या कशा?"

"घातल्याच नाहीत," ते म्हणाले. "होत्याच त्या. मी भोवतीचं लाकूड काढलं."

तेव्हा मला दिसलं. लाकडाची एक तांबूस रेघ एका गोट्यातून निघून दांडीभर गेली होती, आणि कड्या एका विशिष्ट जागी फिरवून धरल्या की तीच रेघ त्यांच्या अंगावरूनही जात होती. सगळा खुळखुळा एकाच तुकड्यातला होता. सुटून येईल असं त्यात काही जोडलेलंच नव्हतं. बाईंनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि ती रेघ पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत पाहिली.

नियम मात्र नियम. त्यांनी सोबत आणलेले सगळे नमुने आम्ही टाकले, पिळले, प्रत्येक कडी पकडीत धरून ओढली. दहा सेकंद मी आकडे मोजत होते आणि ते डोळे मिटून बसले होते. काही तुटलं नाही. शेवटी नळीत टाकायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अहवालात मी लिहिलं, "चाचणीनंतर कोणताही भाग सुटला नाही." हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं आहे. त्या दिवशी लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचलं.

अहवाल ऐकल्यावर ते म्हणाले, "आता हा नातीला देतो. मागचा हिसकावून घेतलेला ती अजून विसरलेली नाही."

काम संपलं होतं, पण मला चैन पडेना. बाईंना विचारलं, त्यांच्याकडे बघायला जाऊ का. त्या म्हणाल्या, "अहवाल गेलाय. सुट्टीच्या दिवशी तू कुठे जातेस ते मी विचारणार नाही. तिथून काही घेऊन मात्र येऊ नकोस."

शनिवारी मी गेले. बुधवार पेठेत वायरी आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची एक खोली आहे. खिडकीखाली लाकूड कातायचं यंत्र, भिंतीवर ओळीने पटाश्या, आणि सगळ्यावर भुशाचा पिवळट थर. "उभ्या राहा, पण भुसा अंगावर येईल," म्हणत त्यांनी शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा यंत्रावर चढवला.

तुकडा गरगरू लागला. पटाशी टेकली आणि लाकडाची लांब साल निघत गेली. दांडीवर एक फुगवटा उरला. मग त्यांनी टोकाशी वाकवलेलं एक बारीक हत्यार घेतलं आणि फुगवट्याच्या खाली एका बाजूने शिरले, मग दुसऱ्या बाजूने. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नसणार. मान कलती करून ते नुसता आवाज ऐकत होते. आवाज पातळ होत गेला. मग एका क्षणी फुगवटा थरथरला, दांडीपासून सुटला, आणि कडी होऊन तिच्याभोवती नाचायला लागला.

त्यांनी यंत्र बंद केलं. कडी डुलत डुलत थांबली. मी ती बोटाने ढकलली. अजून कोमट होती.

"परत करून दाखवता?" मी म्हटलं.

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि त्याच दांडीवर दुसरी कडी काढायला घेतली.