अप्पा सामंतांची वाइन

अप्पा सामंत कुणाच्याही घरी गेले की आधी वस्तू उलटी करायचे. बिस्किटाचा पुडा, खोकल्याची बाटली, सॉसचं पाकीट, काहीही. चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचायचे आणि विचारायचे, "तारीख बघितलीस का गं?" आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तेव्हाही प्रसादाची वाटी हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि तुपाची बरणी बघून आले. माझ्या सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस धुसफुसत होत्या.

एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी स्टोअरमध्ये काढली. आलेला माल तपासायचा, मुदत संपलेला बाजूला काढायचा, हेच काम. निवृत्त झाले तरी स्टोअर काही अंगातून गेलं नाही. "माल एकदा गेटातून आत घेतला की जबाबदारी आपली," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याला ऐकवायचे, वॉचमनला ऐकवायचे, आणि बायकोसमोर बसून बायकोबद्दलही ऐकवायचे. सुमनकाकू तेव्हा धडधाकट होत्या. त्या म्हणायच्या, "मालाने तुम्हाला आत घेतलंय हो, उलटं नाही."

डोंबिवली पूर्वेला आमची दारं समोरासमोर. मी ठाण्याला नौपाड्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते. दिवसभर लोकांच्या सुजलेल्या गालांशी गोड बोलायचं आणि दिवेलागणीला घरी येऊन कुकर लावायचा, असं माझं चाललेलं. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यात आणखी एका कामाची भर पडली. संध्याकाळी आधी त्यांच्याकडे जायचं, अप्पांनी खांदे धरायचे, मी कंबर धरायची, आणि काकूंना दुसऱ्या कुशीवर वळवायचं. ठेवलेल्या बायका टिकल्या नाहीत. अप्पा तारखा तपासायचे, डायपरच्यासुद्धा, त्याला त्या वैतागायच्या. शेवटी सगळं अप्पांनीच अंगावर घेतलं.

काकूंची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पण खरं दुखणं निराळंच होतं. त्या खात नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. अप्पा पेजेची वाटी घेऊन तासन् तास बसायचे आणि दोन-तीन चमच्यांवर गाडी अडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. काकूंच्या आईला शेवटी तशी नळी होती. आई ती ओढून काढायची म्हणून तिचे हात पलंगाला बांधून ठेवत. काकूंनी ते सगळं पाहिलं होतं आणि अप्पांकडून शब्द घेतला होता, माझं काहीही होऊ दे, पण ते नळीचं नको.

"मी शब्द दिला तेव्हा वाटलं होतं, मीच आधी जाईन," अप्पा मला म्हणाले. वाटीतली पेज गार होऊन तिच्यावर साय धरली होती. ती त्यांनी तशीच उभ्या उभ्या पिऊन टाकली. रात्रीचं जेवण तेच असावं.

त्याच सुमारास पेस्ट कंट्रोलसाठी त्यांनी माळा रिकामा केला आणि त्यातून तो खोका निघाला. त्यांची लेक मेधा कॅनडात असते. काकू तिच्याकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा तिच्या तळघरात घरच्या घरी वाइन करायची मोठी बरणी होती. काकू दुपारभर बरणीसमोर खुर्ची टाकून तिचे बुडबुडे ऐकत बसायच्या म्हणे. "बाई, ही बोलते की," म्हणायच्या. पुढच्या खेपेला मेधाने तसलंच सामान आणून दिलं. द्राक्षाच्या घट्ट रसाची जाड पिशवी, कसल्या कसल्या पुड्या, बूच आणि एक वाकडी नळी. सगळे जमू तेव्हा करू, असं ठरलं आणि खोका माळ्यावर गेला. मग काकूंचं आजारपण आलं.

खोका पलंगाजवळ टेकवला, तसा काकूंनी डावा हात उचलला. "ते," म्हणाल्या.

अप्पा जागच्या जागी थांबले. कितीतरी महिन्यांत काकूंच्या तोंडून शब्द असा निघालाच नव्हता. "ते म्हणजे? हे?" त्यांनी खोक्यावर थाप मारली. काकू पुन्हा म्हणाल्या, "ते."

मी संध्याकाळी गेले तर अप्पा खोका उलटा करून बसलेले. "काय सांगू वैशाली, तारीख उलटून वर्षं झालीत. स्टोअरमध्ये असतो तर लाल शेरा मारून गेटाबाहेर काढला असता." मी म्हटलं, मग टाकून द्या ना अप्पा, नसती कटकट कशाला. ते काकूंकडे बघत म्हणाले, "तिने मागितलंय. तिने काही मागितलंय, कळतंय का तुला?"

मला कळत होतं, पण माझे पाय दुखत होते. तरी बसले. बारीक अक्षरातली माहिती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी नळाला पाणी येतं तेवढ्यात त्यांनी घरातली मोठी बरणी उकळत्या पाण्याने धुऊन काढली, पाणी उकळून गार केलं. पिशवी फोडली तर आतला रस चिंचेच्या कोळासारखा तपकिरी झालेला. यीस्टची पुडी कोमट पाण्यात टाकली, तिचा जीव केव्हाच गेला होता. फेस नाही, काही नाही. "मेलंय," अप्पा म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी नौपाड्यात केकचं सामान मिळतं त्या दुकानातून पावाचं यीस्ट आणलं. दुकानदाराला विचारलं, वाइनला चालेल का. तो म्हणाला, "मॅडम, पाव फुगेल, बाकीची गॅरंटी नाही."

अप्पांनी बरणी काकूंच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि इडलीच्या पिठाला गुंडाळतात तशी गोधडीत गुंडाळली. बुचात वाकडी नळी, नळीत पाणी. आत आंबायला लागलं की हवा त्या पाण्यातून बाहेर पडणार. दोन दिवस सगळं चिडीचूप. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही काकूंना वळवत होतो आणि नळीतून आवाज आला. बुडुक.

काकूंनी मान फिरवली. भिंतीकडून आमच्याकडे, आणि आमच्यावरून बरणीकडे. पुन्हा बुडुक झालं. त्यांचा डावा ओठ हलला आणि तोंड जरासं उघडं राहिलं. अप्पांनी पेजेचा चमचा अलगद आत सारला. काकूंनी गिळला. अप्पा पुढच्या बुडबुड्याची वाट बघत चमचा भरून बसले. तो झाला, तोंड उघडलं, चमचा आत गेला. त्या दिवशी वाटी संपली. अप्पा रिकामी वाटी धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी ऐकत होते, नळाला पाणी नव्हतं.

मग तेच सुरू झालं. एक बुडबुडा, एक घास. काकूंच्या अंगावर थोडं मांस आलं, डॉक्टर नळीचं नाव काढेनासे झाले. जिन्यात आंबूस वास यायला लागला, तशा खालच्या मजल्यावरच्या पाटीलबाई विचारायला आल्या. अप्पा दार अडवून म्हणाले, "इडलीचं पीठ जरा जास्त आंबलंय." त्या म्हणाल्या, "एवढे दिवस?" ते म्हणाले, "आम्हाला आंबट आवडतं."

पण वाइन म्हणजे काही जन्मभर आंबत नाही. हळूहळू बुडबुडे विरळ झाले आणि एक दिवस थांबले. मेधा फोनवर म्हणाली, "छान बाबा, म्हणजे झाली. आता ती शेवटची पुडी टाका आणि बाटल्यांत भरा." इकडे काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. वाटी भरलेली तशीच होती. अप्पांनी ती शेवटची पुडी, आंबणं थांबवायची, माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. पाण्यात साखर विरघळवली आणि बरणीत ओतली.

"अप्पा, वाइन बिघडेल," मी म्हटलं.

"बिघडू दे. वाइन कुणाला करायचीय?"

साखर घातली की काही दिवस बुडबुडे यायचे, मग पुन्हा मंद व्हायचे. मग थोडा रस काढून मोरीत ओतायचा, पाणी घालायचं, साखर घालायची, मी नवं यीस्ट आणायचं. केकवाला आता मला बघितलं की न बोलता पाकीट काढायचा. बरणीत द्राक्षाचं असं काही उरलंच नव्हतं, नुसतं गढूळ गोड पाणी. अप्पा मात्र बारीक होत चालले होते. पँटला सुतळी बांधायचे. मी म्हटलं, तुम्ही काय खाता? तर म्हणायचे, "माझं चाललंय गं." सगळंच चाललं होतं कसंबसं, त्यांचंही आणि माझंही. कधीकधी कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच मी ओट्यापाशी उभ्या उभ्या पेंगायचे.

एका सकाळी बरणी जोरात चालू होती, आदल्याच दिवशी साखर पडली होती. अप्पा चमचा भरून बसले. बुडुक झालं, पुन्हा झालं, पुन्हा झालं. काकू बरणीकडे बघत होत्या, डोळे उघडे होते, पण तोंड उघडलं नाही. अप्पांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. डॉक्टर आले, आता नळीशिवाय उपाय नाही म्हणाले. मेधा फोनवर रडत होती, बाबा घाला नळी, मी निघतेय. अप्पा म्हणाले, "तू ये. नळी नाही घालणार. मी तिला सांगितलंय." मेधा आली, तिला आईचा हात धरून बसायला मिळालं. मग काकू गेल्या.

मेलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी पिठलं-भात द्यायचा. मी घेऊन गेले. स्मशानातून आलेली माणसं पांगली होती, मेधा आतल्या खोलीत रडून रडून झोपली होती. अप्पा आंघोळ करून रिकाम्या पलंगाशेजारी बसले होते. बरणी तिथेच होती. मी म्हटलं, हे बाहेर ठेवू का अप्पा? त्यांनी नको म्हणून मान हलवली. "अजून साखर आहे तिच्यात," म्हणाले.

मी भात कालवला, ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि चमचा हातात दिला. ते खाईनात. म्हटलं, दोन घास तरी घ्या, कालपासून पोटात काही नाही. त्यांनी चमचा भरला, उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्यांचे डोळे नळीवर होते. बुडुक झालं, तसं त्यांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. मग दुसरा चमचा भरून ते थांबले, आणि मीही त्यांच्यासोबत थांबले.