लाल डोळ्यांचा संशय

नातीच्या मोटरसायकलच्या फ्रेमला तडा गेला, म्हणून तिच्यासोबत वेल्डिंगच्या दुकानात गेले. वेल्डरने पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला ठेवली होती. तरी मी वाकून वास घेतला.

"आजी, रिकामी आहे हो."

"रिकामीच जास्त भडकते. बाहेर ठेवा."

त्याने हसत ती बाहेर नेली. पण डोळ्यांवर धरायची काळी काच खिळ्यालाच लटकत होती आणि त्याचे डोळे लालभडक.

"जागरण झालं," म्हणाला.

मी बरी विश्वास ठेवीन! नवी नवरी असताना सासरी खिडकीचे गज जोडायला माणूस आला होता. आमच्या विदुषी, म्हणजे मीच, ठिणग्यांना फुलबाज्या समजून दुपारभर उघड्या डोळ्यांनी बघत बसल्या. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, धारा लागल्या. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवतंय. लगेच माहेरी धाडलं. मीही गप्प राहिले. बावळट होते, पण इतकीही नाही.

तेव्हापासून लाल डोळ्यांनी सांगितलेलं कारण मला पटत नाही. माणूस दुखणं एक असताना नाव दुसऱ्याचं घेतो.

मी काच काढून त्याच्या हातात दिली.

"सवय आहे, आजी."

"सवय हाताला होते, डोळ्यांना नाही. मला निदान माहेर तरी मिळालं, तुम्हाला कोण धाडणार?"

नात खो-खो हसली. त्याने काच डोळ्यांवर धरली. मग मी भिंतीकडे तोंड करून बसले. फुलबाज्या दिसल्या की मान वळते. माझ्यावर तरी माझा कुठे विश्वास आहे?