पंचाचं बोट

पंचाला सगेसोयरे नसतात. आमच्या मैदानावर तर फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एक जण पंच होतो, तरीही नसतात. रविवारी शेवटच्या षटकात चार धावा हव्या असताना संज्याने स्वतःच्याच कप्तानाला धावबाद दिलं. कप्तान बॅट उगारून धावत आला.

"डोळे फुटले का रे? आपल्याच टीमचा ना तू?"

"आउट म्हणजे आउट, दादा."

त्या वर केलेल्या बोटामागे ना पोलीस होता, ना कायदा. होती फक्त पंचाची एक मळकी पांढरी टोपी. तरी बोट हललं नाही. बॅट हळूहळू खाली आली.

संज्याने टोपी कप्तानाच्या डोक्यावर ठेवली आणि बॅट मागून घेतली. पुढचा नंबर त्याचाच होता.